शिलाई मशीन आणि गिऱ्हाईक

निर्वासिताच्या हाती शिलाई मशीन दिलं की आपलं काम झालं, असं मानणाऱ्या मदतीवर माझा राग आहे. निर्वासित समलिंगी किंवा ट्रान्स असेल तर जास्तच.

युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकारच्या समलिंगी संबंधांसाठी मृत्युदंड आहे. तिथून जीव घेऊन पळालेले अनेकजण केनियात येतात. केनियातही कलम १६२ आहे, चौदा वर्षांपर्यंत कैद. आपल्या ३७७ चंच ते भावंड, एकाच इंग्रजी साच्यातलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ३७७ ची नांगी मोडली. नैरोबीच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये १६२ कायम ठेवलं.

आता अशा माणसाने काकुमाच्या छावणीत किंवा नैरोबीच्या एखाद्या वस्तीत दुकान थाटायचं. दुकान म्हणजे दार उघडं ठेवणं, गिऱ्हाइकांच्या ओळखीचं होणं, उधारी वसूल करायला लोकांच्या दारात जाणं. ज्याला शेजाऱ्यापासून लपायचंय त्याने पाटी कशी लावायची? माल आणायला छावणीबाहेर जायचं तर पास लागतो. मशीन कोणी पळवलं तर तक्रार करणाराच आधी संशयित. आणि धंदा बुडाला की म्हणायचं, यांना व्यवहार कळत नाही!

केनियात 'चामा' असतो, म्हणजे आपली भिशीच. भांडवल एकट्यादुकट्याला नको, अशा गटाला द्या: एक आजारी पडला तर दुसरा गल्ल्यावर बसेल, रात्री राखण पाळीपाळीने होईल. आणि शहरात राहणाऱ्यांना मशीनच्या आधी सहा महिन्यांचं खोलीभाडं द्या. भाड्याचा फोटो निघत नाही, म्हणून तिथे देणाऱ्याचा हात आखडतो.