या वेळी हक्कसोड नाही



जमिनीची हक्कसोड मी केली तेव्हा माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. दादाने चहा पाजला, वहिनीने साडीचोळी केली, आणि माहेर तुटू नये म्हणून मी सही केली. आपल्यातल्या किती जणींनी अशीच सही केली आहे, हे एखाद्या बैठकीत हात वर करून मोजून पाहा. त्या सहीबद्दल आज मी रडत नाही. पण बाबांच्या गाडीच्या कागदावर तीच सही मागितली, तेव्हा मी नाही म्हणाले. त्याची ही हकीकत.

गाडी म्हणजे जुनी टाटामोबाईल, आपण जिला पिकअप म्हणतो ती. बाबांनी ती जुनीच घेतली होती. कापूस हिंगणघाटच्या बाजारात न्यायचा, येताना ढेप आणायची, लग्नसराईत वऱ्हाडही न्यायचे. बाबा गेल्यावर ती आईच्या घरच्या अंगणात कडुनिंबाखाली पडून राहिली. टायर बसले, हौद्याच्या पत्र्याला गंजाने भोके पडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. दादा म्हणाला, भंगारवाल्याला देऊ. मी म्हणाले, मी दुरुस्त करते. तो हसला आणि म्हणाला, "कर." त्या हसण्याला मी परवानगी समजले.

आमच्या जाममध्ये मिस्त्री शोधावा लागत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग (पूर्वीचा ७ नंबरचा, आता ४४) आणि चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतात. चौरस्त्याच्या अवतीभवती टायरवाले, वेल्डिंगवाले आहेत. लहानपणापासून मी ही दुकाने पाहते. बाई तिथे चहाच्या टपरीवर दिसते, ढाब्यामागे भांडी घासताना दिसते. पाना हातात घेतलेली एकही बाई मी पाहिली नाही. एका मिस्त्रीभाऊंना मी घरी बोलावले. ते म्हणाले, "कायले हात काये करून राहिल्या ताई? मी पोरगा धाडतो." मी म्हटले, पोरगा नको. तुम्ही सांगा, मी करते. आठवड्यातून एकदा तासभर यायचे एवढेच ठरले.

मी शिवणकाम करते. यंत्राला तेल देणे, दोऱ्याचा ताण जुळवणे, पट्टा बदलणे हे मी वीस वर्षे करते आहे. त्याला कोणी यंत्रज्ञान म्हणत नाही. इंजिनाचे हेड उघडले तर आतले गॅसकेट जळालेले. गॅसकेट म्हणजे काय? आपल्या कुकरची रिंग! दोन भागांमधली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून जी बसवतात ती. ती खराब झाली की काय होते हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हेड लेथवर नेऊन सपाट करून आणले. डिझेल पंप आणि नोझल नागपूरहून करून आणले, कारण ते काम घरी होणारे नाही. मागचे पाटे उतरवून पाने एकेक घासली, एक तुटलेले पान बदलले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला तो वेल्डिंगवाल्याने. घासणे, पुटीन भरणे, पुन्हा घासणे माझे. दोन हिवाळे गेले. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून उन्हाळे फुकट.

सगळे जोडून झाल्यावर इंजिन काही सुरू होईना. मिस्त्रीभाऊ म्हणाले, हवा धरली आहे. डिझेलच्या नळीत हवा अडकली की इंधन पुढे सरकत नाही. बोल्ट किंचित सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, फेस येणे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की आवळायचे. हे मी केले आणि चावी फिरवली. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

या दोन वर्षांत मला कळले ते असे. पुरुषाने जुनी राजदूत अंगणात खोलून बसावे, रविवारच्या रविवार हात काळे करावेत, तर तो शौकीन. बाईने केले तर डोके फिरलेली. पहिला प्रश्न हा, की यातून मिळणार किती? पुरुषाच्या छंदाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि आपल्या संघटनाही विचारतात, हे मला इथे लिहायचे आहे. गटाच्या बैठकीत मी गाडीचे सांगितले तर एक कार्यकर्ती म्हणाली, "त्यापेक्षा मसाल्याची गिरणी घे." बाईचा वेळ कुठल्या तरी मिळकतीला जुंपलेला असलाच पाहिजे, ही समजूत आपण सासरहून उचलून चळवळीत आणली आहे काय? आपण पापड, मसाला, शिवणाचे वर्ग घेतो. पान्याचा वर्ग का घेत नाही?

यंत्र बाईसाठी नाही, हे तर कायद्यानेही लिहून ठेवले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमात फिरत्या यंत्राला तेल देण्याची मनाई होती ती स्त्रियांना आणि अल्पवयीनांना, एकाच ओळीत. हेतू सुरक्षेचा होता हे मान्य. पण पुरुषाचे धोतर पट्ट्यात अडकत नाही काय? १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णींनी (पुढच्या सुधा मूर्ती) थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या पुण्याच्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाल्या. टेल्कोची टाटामोबाईल आली ती १९८८ साली.

तरी तिच्या सीटवर मी बसले तर क्लच पूर्ण दाबला जाईना. घरात सगळे म्हणाले, तुझी उंचीच नाही. दोष उंचीचा की सीटचा? अपघाताच्या चाचणीतले पुतळेसुद्धा जगभर वर्षानुवर्षे सरासरी पुरुषाच्या मापाचे वापरले गेले. मी सीटच्या चौकटीला नवी भोके पाडून ती चार इंच पुढे घेतली. फाळक्याशी चढायला लोखंडी पायरी लावली. चॅसी, इंजिन, हौद्याचे माप यांना हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले आहे. परवान्याचेही सांगून ठेवते. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. २०१७ च्या या निकालावर घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले.

गाडी सुरू झाली आणि महिनाभरात दादा आला. त्याच्या मुलाला धंद्याला गाडी हवी होती. "तू कुठे चालवणार," म्हणाला, आणि कागद पुढे केला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मालमत्तेत मुलगी, मुलगा आणि विधवा यांचे हिस्से सारखे आहेत. गाडीही मालमत्ताच. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्या मोहिमेचे मोल मी जाणते. पण तीत बायको होती, बहीण नव्हती. नवऱ्याने देणे हे दान म्हणून शोभते. बहिणीने मागणे मात्र अजून भांडण ठरते.

गाडी माझ्या नावावर व्हायला ३१ नंबरचा फॉर्म भरायचा आहे आणि त्याला बाकीच्या वारसांची संमती हवी. आईने सही दिली. दादाने दिलेली नाही. म्हणजे या खेपेला सहीसाठी चहा मी पाजते आहे, तीन वेळा पाजला. कागद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढता येत नाही. रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवते, अंगणात पुढे-मागे करते.

परवा वहिनी आली होती. क्लच कोणत्या पायाने दाबतात, असे विचारले. मी तिला बसवून दाखवले. तिलाही सीट बरोबर आली. जाताना म्हणाली, तुमच्या दादाला सांगू नका. सांगत नाही, आणि हे त्रैमासिक तो वाचत नाही.