पर्लकोटा : तुटलेल्या संपर्काची नदी

दर पावसाळ्यात एक वाक्य वर्तमानपत्रांत हमखास छापून येते : 'पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला.' व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. पण संपर्क कुणाशी तुटला, हे त्यात सांगितलेले नसते, आणि ते सांगण्याची गरज आपल्याला भासतही नाही. तालुक्याशी, जिल्ह्याशी, राजधानीशी, म्हणजेच 'आपल्याशी', हे गृहीतच असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या या नदीचे मराठी भाषेतले अस्तित्व जवळजवळ या एका वाक्यापुरतेच आहे, हा माझ्या अस्वस्थतेचा विषय आहे.

नदीच्या बाजूने पाहिले तर भूगोल निराळाच दिसतो. पर्लकोटा छत्तीसगडच्या जंगलातून येते. तिकडे तिला कोटरी म्हणतात. भामरागडला ती आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावते, जगदलपूर आणि चित्रकोटचा धबधबा मागे टाकून पश्चिमेकडे येते आणि भामरागडपाशी दक्षिणेकडे वळते. तिथून पुढे दोन राज्यांची सीमा होऊन ती गोदावरीला जाऊन मिळते. बस्तरमध्ये मुसळधार पाऊस झाला की इंद्रावती फुगते आणि पर्लकोटेचे पाणी पुढे सरकू न देता मागे रेटते. भामरागडमध्ये फारसा पाऊस नसतानाही पाणी चढू शकते, ते यामुळे. २०१९च्या पावसाळ्यात या गावाने असे पूर एकापाठोपाठ एक सोसले. तेव्हा पूर म्हणजे केवळ संपर्क तुटणे नव्हे; एका नदीचा दुसरीशी, एका खोऱ्याचा दुसऱ्याशी संपर्क अधिक घट्ट होणेही आहे. आपली बातमी मात्र पुलावर उभी राहून लिहिलेली असते.

नदीच्या नावाला इतिहासही आहे. वरच्या अंगाला परलकोटची जमीनदारी होती. तिथल्या गेंदसिंह या जमीनदाराने अबूझमाडच्या आदिवासींना संघटित करून उठाव केला आणि जानेवारी १८२५मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. हा उठाव इंग्रजांविरुद्ध होता तसाच नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाविरुद्धही होता. म्हणजे या नदीकाठी मराठी भाषा पहिल्यांदा आली ती ओवी-अभंगांतून नव्हे, तर बहुधा वसुलीच्या हुकुमांतून. पुढे, १९५८नंतर दंडकारण्य प्रकल्पाखाली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना याच परलकोट भागात वसवण्यात आले. माडिया, छत्तीसगडी, बंगाली, तेलुगू आणि मराठी एवढ्या भाषांच्या सान्निध्यात वाहणारी नदी महाराष्ट्रात विरळाच. तिला 'दुर्गम' या एका विशेषणात आपण बंदिस्त केले आहे.

मराठी साहित्याला नद्यांचे वावडे आहे असे कुणी म्हणणार नाही. इंद्रायणी आणि चंद्रभागा तर आपल्या काव्यपरंपरेच्या श्वासातच आहेत. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा कादंबरीत आणली. पण या नद्यांकडे जाणारी वाट भक्तीची, यात्रेची किंवा भटकंतीची आहे. पर्लकोटेकडे जाणारी मराठी वाट मुख्यतः सेवेची आहे. १९७३मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून 'प्रकाशवाटा'सारखे आत्मकथन व विलास मनोहर यांचे लेखन आपल्याला मिळाले. हे ऋण मोठे आहे, ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु सेवेच्या कथनात नदी बहुधा अडथळा म्हणून येते : ओलांडायची, रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी पार करायची. ज्याच्या मासेमारीचे, अंघोळीचे आणि मृतांच्या स्मृतीचे स्थान ती आहे, त्याची नदी या कथनाच्या कडेला राहते.

'मग तिथल्यांनी लिहिले नाही का?' असा प्रश्न यावर येईल. लिहिले आहे. १९७९मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम यांची कविता गोंडी शब्द मराठीत घेऊन आली. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. अभ्यासक्रमात ही कविता 'आदिवासी जाणिवा' या प्रकरणात जाते. 'निसर्गकविता' या प्रकरणात मात्र बालकवी आणि बोरकर. बोरकरांचा निसर्ग गोव्याचा असूनही सर्वांचा ठरतो, आणि गडचिरोलीच्या कवीचा निसर्ग मात्र त्याच्या जमातीचा पुरावा ठरतो. विद्रोह शोधण्याच्या घाईत आपण त्या कवितेतले झाड, पाखरू आणि पाणी वाचायचेच विसरतो. ही वर्गवारी वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हा आरोप आधी स्वतःवर.

उपाय फार मोठा नाही. निसर्गकविता शिकवताना या कवींना त्या प्रकरणात आणावे. गडचिरोलीहून आलेल्या विद्यार्थ्याला 'तुमच्या समाजाविषयी लिहा' असे न सांगता 'तुमच्या नदीविषयी लिहा' असे सांगावे, आणि त्याच्या लेखनातला माडिया शब्द लाल शाईने खोडू नये. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. तो शब्द मराठी वाक्यात राहिला तर मराठीचे काही बुडत नाही.

पुलाची उंची वाढवणे अभियंत्यांचे काम आहे आणि त्याची निकड तिथल्या आजारी माणसाला आणि बाळंतिणीला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण पूल कितीही उंच झाला तरी ते एक वाक्य आपल्याला दुरुस्त करावेच लागेल. पर्लकोटेचा आपल्याशी संपर्क तुटला असे म्हणण्यासाठी तो आधी कधीतरी जुळलेला असावा लागतो.