लाकडावरील पाण्याचे काळे डाग

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी माठ ठेवावयाची जुनी सागवानी घडवंची असून तीवर वर्षानुवर्षे पाणी ठिबकून काळी वर्तुळे उमटली आहेत. माळवदाच्या एका तुळईवरही यंदाच्या पावसाळ्यानंतर तसाच ओघळ दिसू लागला आहे. दोहोंवर ऑइलपेंट फासून मोकळे व्हावे, असा घरच्या मंडळींचा विचार दिसतो. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्यांनी थोडे थांबावे.

हा डाग म्हणजे मळ नव्हे; ती एक प्रकारची शाईच होय. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की तो पाहता पाहता काळा होतो, हे पुष्कळांना ठाऊक असेल. युरोपातही ओक वृक्षावरील गाठी व हिराकस यांच्याच शाईने शेकडो वर्षे दस्तऐवज लिहिले गेले. सागात, आणि त्याहून अधिक बाभळीत, हिरड्यातल्यासारखे तुरट द्रव्य असते. त्यास टॅनिन म्हणतात. एखादा खिळा किंवा लोखंडी पट्टी सतत ओली राहिली, की त्यातील लोह पाण्यावाटे या द्रव्यास मिळते आणि लाकडाच्या आतच शाई तयार होते. म्हणून साबणाने कितीही घासले तरी डाग हलत नाही. धुण्याच्या सोड्याने तर लाकूड उलट काळवंडते. पांढुरके वर्तुळ असेल तर ते निराळे. तेथे ओल केवळ पॉलिशात अडकलेली असते व पुष्कळदा कोरड्या ऊबेने निघून जाते.

काळ्या डागावर खरा उतारा ऑक्झॅलिक आम्लाचा. चुका आणि आंबुशी यांस आंबटपणा येतो तो बव्हंशी याच्यामुळे. हरभऱ्याच्या शेतात रात्री फडके फिरवून जी आंब धरतात तीतही ते थोडे असते. पण ती आंब घडवंचीवर खर्च करण्याइतकी स्वस्त नव्हे! डाग कोवळा असल्यास लिंबू चोळून पाहावे. जुन्यास मात्र दुकानातून या आम्लाचे स्फटिक आणणे प्राप्त आहे.

घडवंची आधी आठ दिवस सावलीत सुकवावी आणि वरचे पॉलिश काचकागदाने काढावे. नंतर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात अर्धा लिटर कोमट पाणी घेऊन त्यात सुमारे 40 ग्रॅम स्फटिक विरघळवावे. धातूचे भांडे घेऊ नये. हे पाणी नुसत्या डागावर न लावता सबंध फळीवर फडक्याने लावावे. नाही तर काळ्या डागाच्या जागी फिकट डाग होऊन बसतो. वीस मिनिटांनी पाहावे, व जरूर तर पुन्हा लावावे. शेवटी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने पुसून, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याचा एक हात द्यावा. पुरते सुकल्यावर जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश लावावे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावी.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगितली पाहिजे. हे आम्ल विषारी आहे आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडास अपाय करते. त्याचे स्फटिक दिसावयास साखरेसारखे असतात. दहाबारा माणसांच्या घरात, जेथे एकीने ठेवलेली वस्तू दुसरीच उचलते, तेथे ही पुडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येताच कामा नये. हातमोजे घालावेत, आणि काम संपताच उरलेले आम्ल भरपूर पाण्याबरोबर वाहवून टाकावे.

तुळईचे प्रकरण वेगळे आहे, आणि तेथे आम्हांस डागाची नव्हे, तुळईची काळजी वाटते. माळवदावर मातीचा मोठा भार असतो. पाणी एकदा वाट काढू लागले की खालचे लाकूड आतून कुजते, आणि बाहेर दिसतो तो एवढा ओघळच. त्यावर रंग दिला तर घराने दिलेली सूचनाच पुसली जाईल. ओघळाच्या जागी, व विशेषतः तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे, दाभण टोचून पाहावे. टोक अडले तर लाकूड शाबूत आहे. आधी वरची गळती बुजवावी, डागाचे मग पाहू. दाभण सहज आत गेले तर त्याच दिवशी सुतारास बोलावून खाली टेकू द्यावा, आणि तोवर त्या खणात पाळणा बांधू नये की कोणाचे अंथरूण घालू नये.