पहिली किल्ली कोणी फिरवली?



या सदरात आपण घर, दुकान आणि वाहन यांच्या देखभालीविषयी बोलतो. सांगणारा मी आणि ऐकणारे आपण, अशीच आजवरची रीत. या वेळी मात्र मला माझीच एक चूक सांगावयाची आहे. आणि ती सांगितल्याखेरीज विषय नीट समजणार नाही.

आमच्या सांगलीच्या घरी 1985 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. नंबर लावून पुष्कळ दिवस वाट पाहिल्यावर आप्पांना ती मिळाली, आणि हळदीच्या एका बऱ्या हंगामाचा पैसा तीत गेला. ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, त्या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. त्यांचे नाव आमच्या सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही आहे. आप्पा हे दोन्ही संदर्भ पाहुण्यांना न चुकता सांगत, जणू गाडीबरोबर तेही विकत घेतले होते. वस्तुतः गाडीचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट 1100 चा: 4 सिलिंडर, 1089 सीसीचे इंजिन, एक कार्बोरेटर आणि करंट वाटून देणारा एक डिस्ट्रिब्युटर. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते, पुष्कळदा नाकालाही कळते.

आप्पा गेले. गाडी राहिली. पावसाळ्यात ती वखारीत ताडपत्रीखाली असते आणि दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघते. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, हे आपणांस ठाऊक आहेच. आमची मुदत ऑक्टोबरअखेर संपत होती. गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला पोहोचली नाही, तर पुढे तिचे काय करायचे, यावर घरात एकमत नव्हते. दुकानाचा व्यवहार आता पुतण्या पाहतो. तो भावनाशून्य नाही, पण वखारीतली जागाही त्याला दिसते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी एकटाच वखारीत गेलो आणि किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला. इंजिन पेटले नाही. मी चोक पूर्ण ओढला, पेडल बारा-पंधरा वेळा दाबले, पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा पेडल, पुन्हा सेल्फ. पाऊण तास मी हेच करीत होतो. शेवटी सेल्फचा आवाज जड झाला, मग नुसते ‘खट’ एवढेच उरले. मी बॉनेट लावले, घरी आलो आणि पुतण्याला म्हणालो, “गाडी सुरू होत नाही, बघ जरा.” एवढेच सांगितले. पाऊण तासाचा उल्लेख केला नाही. का केला नाही? वयाच्या सत्तराव्या वर्षी पुतण्यापुढे आपला उतावळेपणा कबूल करणे जड जाते, याहून मोठे कारण नव्हते.

संध्याकाळी त्याने किल्ली फिरवली, तेव्हा त्याला ऐकू आले फक्त ‘खट खट’. त्याने बॅटरी उतरली असा निष्कर्ष काढला. त्याच्यापुढे जे होते त्यावरून तो बरोबरच होता. साडेपाच हजारांची नवी बॅटरी आली. आता सेल्फ झपाट्याने फिरू लागला, जरा अतिच हलका, पण इंजिन पेटेना. मग गॅरेजवाला आला. त्याने प्लग काढले; चारही काळे, ओले आणि पेट्रोलचा वास मारणारे. नवे प्लग घातले, तेही भिजले. त्याने प्रत्येक सिलिंडरला गेज लावून दाब मोजला: कोठे 60 पौंड, कोठे 70. “रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल,” असे सांगून त्याने पंचेचाळीस हजारांचा अंदाज दिला. तो मनुष्य लबाड नव्हता. गेजवर जे दिसले त्याचाच अर्थ त्याने लावला. पुतण्याने रात्री जेवताना भंगारवाल्याचा भाव काढल्याचे सांगितले. आई ताटावर होती. ती काही बोलली नाही, पण उरलेली भाकरी तिने बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या वेळच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो. गॅरेज त्यांनी केव्हाच बंद केले आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही बारीक काम आता दिसत नाही, म्हणतात. वखारीत येऊन त्यांनी गाडीला हात लावला नाही. उलट्या ठेवलेल्या एका पाटीवर बसले आणि विचारले, “शेठ, पहिली किल्ली कोणी फिरवली? तेव्हा आवाज कसा आला?”

पुतण्या शेजारीच उभा होता. मला सर्व सांगावे लागले: चोक, पेडल, पाऊण तास. पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली केली.

चाचांनी मग जो उलगडा केला, त्यासाठीच हा लेख लिहीत आहे. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे पहिल्या क्षणी बॅटरी ठीक होती. ती मी मारली. प्लग ओले होते, म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचत होते. तेव्हा टाकी, पंप आणि कार्बोरेटर यांच्यावर तूर्त संशय नको. पेट्रोल आहे आणि पेटत नाही, तर करंट नाही. राहिला दाब. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतो आणि रिंगांची फट तोच बुजवतो. चोक ओढून पाऊण तास सेल्फ मारला की कच्चे पेट्रोल तो थर धुऊन टाकते. चांगल्या इंजिनाचाही दाब कोसळतो आणि सेल्फ हलका फिरू लागतो. जूनमध्ये हीच गाडी धूर न सोडता मिरजेला जाऊन आली होती. उभ्या गाडीच्या चारही सिलिंडरच्या रिंगा एकाच पावसाळ्यात सारख्याच कशा झिजतील?

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून दाब पुन्हा मोजण्याची रीत गॅरेजमध्ये आहे. ऑइल घातल्यावर दाब वाढला, तर दोष रिंगांकडे आहे असे मानतात. पण रिंगा खरोखर झिजलेल्या असोत, वा भिंती पेट्रोलने धुतलेल्या असोत, दोन्ही प्रसंगी ऑइलने दाब वाढतोच. गेज या दोहोंतला भेद सांगू शकत नाही. तो भेद आदल्या दिवसांच्या हकिकतीत असतो, आणि आमच्याकडे ती हकिकत माझ्या खिशात होती.

डिपस्टिक काढून चाचांनी पुतण्याला हुंगायला दिली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर गेली होती. धुतलेले पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरले होते. असे पातळ झालेले ऑइल ठेवून इंजिन चालवले तर बेअरिंगा खराब होतात. म्हणून आधी ऑइल आणि फिल्टर बदलले. प्लग काढून इंजिन दोन तास उघडे ठेवले, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले.

त्यानंतर करंट. एक सुटा प्लग वायरला जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून सेल्फ मारायचा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. हे करताना प्लग उघड्या भोकांपासून दूर ठेवावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तिला ठिणगी पुरते. वायर हाताने धरू नये. तेथील दाब हजारो व्होल्टचा असतो. आमच्या प्लगवर ठिणगीच नव्हती. कॉइलची मधली जाड वायरही तशीच कोरडी. चाचांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडायला लावले आणि आतल्या सीबी पॉइंटकडे बोट दाखवले. हे दोन छोटे धातूचे ठोकळे इंजिनाबरोबर उघडतात-मिटतात आणि त्यांच्या उघडण्याने कॉइलमधून ठिणगी निघते. उघडल्यावर त्यांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट हवी. फट ठीक होती; मात्र दोन्ही तोंडांवर करडा, पुसट थर चढला होता. वखारीच्या दमट हवेत चार महिन्यांत साचलेला तो गंज वीज जाऊ देत नव्हता. पुतण्याने बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला, कोरड्या कापडाने पुसले आणि फट फिलर गेजने पुन्हा तपासली. प्लगवर निळी ठिणगी आली.

गाडी दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. घातलेले ऑइल जळून पाच मिनिटे निळसर धूर झाला, मग तो निवळला. अर्ध्या तासाने इंजिन गरम असताना दाब मोजला: चारही सिलिंडर 120 च्या आसपास. ज्या बिघाडासाठी पंचेचाळीस हजारांचा अंदाज आला होता, त्याचे औषध बोटभर पॉलिश पेपर होते. ऑइल, फिल्टर आणि नव्या बॅटरीचा खर्च हा माझ्या पाऊण तासाचा.

ज्यांच्या घरी अशी जुनी कार्बोरेटरची गाडी आहे, त्यांनी किल्ली फिरवताना कान द्यावा. काहीच आवाज नाही आणि दिवेही मंद, तर प्रथम बॅटरीची टर्मिनले पाहावीत; त्यांवरचा पांढरट-हिरवट क्षार कोमट पाण्याने धुऊन ती घट्ट करावीत, बॅटरी विकत घेण्याचा विचार त्यानंतर. दिवे प्रखर आणि एकच ‘खट’, तर सेल्फ किंवा त्याच्या वायरींकडे वळावे. सेल्फ रेंगाळत असेल तर बॅटरी, किंवा इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी. मल्टिमीटर घरात असेल तर पाहा: पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी असते. सेल्फ नीट फिरत असेल आणि इंजिन पेटत नसेल, तर एक प्लग काढावा: ओला असेल तर करंट शोधावा, कोरडा असेल तर पेट्रोल. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि तीन प्रयत्नांत पेटले नाही तर थांबावे. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, हे सांगावयास नको.

कोरड्या प्लगविषयी एक गोष्ट अलीकडची. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांतील रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. इथेनॉल हवेतील ओलही शोषून घेते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात आणि बॅटरीची एक वायर सोडून ठेवावी. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत ही प्लग काढण्याची खटपट सहसा करू नये. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण येते की नाही आणि डॅशबोर्डवरचा किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकत राहतो की नाही, एवढे पाहून मेकॅनिकला सांगितले तरी त्याचा निम्मा वेळ वाचतो.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. दोन किलो राजापुरी हळद मात्र ठेवून घेतली, तीही भाव विचारून.

महिनाअखेरीस गाडी आरटीओच्या तपासणीत उतरली. आई मागच्या आसनावर आप्पांच्या बाजूची जागा सोडून बसली होती. पुतण्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. गाडीचे जे जे केले ते तीत लिहायचे, असा त्याचा नियम. पहिल्या पानावरचा मजकूर मात्र त्याने माझ्याच हाताने लिहून घेतला: ‘सकाळी साडेसात. सेल्फ जोरात. पेटली नाही. चोक पूर्ण. पाऊण तास.’