धंदा रक्तात नसतो, गल्लीत असतो

मंडळी, "मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही" हे वाक्य मी गेली साठ वर्षे ऐकतो आहे. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर आणि हल्ली रोज सकाळी व्हॉट्सॅपवर. म्हणणारे बहुतेक नोकरी करून पेन्शन घेणारे, म्हणजे माझ्यासारखेच! घरची मंडळीही हे वाचतात हे ठाऊक असून स्पष्ट लिहितो: हे वाक्य खोटे आहे आणि आळशीपणाचेही आहे. रक्ताला दोष दिला की गावाने काय करायला हवे होते, हा प्रश्नच उरत नाही.

एकाच माणसाचे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, पुढे लोखंडी नांगर बनवू लागले. पण गावाची वाढ करायची म्हणून बेळगावात त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस तोच, रक्तही तेच. एकीकडून उठावे लागले, दुसरीकडे बसायला जागा मिळाली. एवढाच फरक.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार घोरपड्यांचा त्यांना पाठिंबा होता. पण शहर मोठे झाले ते पुढच्या घडणीमुळे. सूत देणारा व्यापारी, सायझिंग, कांडी भरणारी बाई, माग दुरुस्त करणारा जॉबर, सगळे चार गल्ल्यांत. त्यामुळे मागावर राबणारा कामगारसुद्धा एक दिवस स्वतःचे दोन माग टाकू शकला. सूत व्यापाऱ्याचे, विणायची मजुरी आपली. असल्या 'खर्चीवाल्यां'च्या जिवावर ते गाव उभे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही तेच. पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, लेथ तिसऱ्याकडे. नवख्याला सगळी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत, शेजार पुरतो.

आणि १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. तोच पुढचा लिज्जत पापड. कोणी म्हणेल, "त्या गुजराती होत्या!" अहो, पण भांडवल उसने होते आणि वर गच्ची मोकळी होती. आज आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घालू द्या बरे! तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीची नोटीस येईल, आणि त्यावर सही करणारे काका तेच, पंगतीत "रक्तात धंदा नाही" म्हणणारे.

माझा एक विद्यार्थी आठवीत दोनदा नापास झाला, पण लेथवर त्याचा हात असा की बघत राहावे. त्याला एक दहा बाय बाराचा गाळा हवा होता. नगरपालिकेच्या गाळ्यांचा लिलाव झाला, सर्वात जास्त अनामत भरणाऱ्यांनी ते घेतले. त्यातले निम्मे आजही कुलूपबंद आहेत. मुलगा पुण्याला दुसऱ्याच्या कारखान्यात बारा तास उभा राहतो. आता नातेवाईक म्हणतात, "बघा, शेवटी नोकरीच!"

एम.आय.डी.सी. १९६२ पासून आहे, तिने पुष्कळ केले हे मान्य. पण गावाबाहेरचा प्लॉट ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्या कामाचा. सुरुवात करणाऱ्याला हवा महिन्याच्या भाड्याचा गाळा, हाकेच्या अंतरावर वेल्डर, उधारीवर माल देणारा ओळखीचा दुकानदार आणि दारावरचे गिऱ्हाईक. २०१६ पासून 'स्टार्ट-अप'ची भाषणे ऐकतो आहोत. भाषण झाल्यावर तीच मंडळी विकास आराखड्यात जुन्या कारखान्यांच्या गल्लीवर टॉवर दाखवतात.

आवाज, धूर, नदीत जाणारे रंगाचे पाणी.... या तक्रारी खऱ्या आहेत. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना मी ते सांगायला नको. पण त्यावर उपाय आहेत. पाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण, आवाजासाठी वेळेचे बंधन. मुलाने खोली घाण केली तर आपण त्याला खोली साफ करायला लावतो, घराबाहेर काढत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नगरपालिकेने बांधलेल्या गाळ्यांतले काही गाळे लिलावाबाहेर ठेवावेत. नव्याने धंदा करणाऱ्याला पाच वर्षे माफक भाड्याने द्यावेत, मग त्याने ते पुढच्यासाठी मोकळे करावेत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढेच विचारा, गाळे कोणाला देणार? आणि तोपर्यंत निदान गच्चीवरचे पापड तरी वाळू द्या.