परदेशात कार्डने पैसे भरताय? ‘रुपयांत’ला नाही म्हणा!

बँकॉक असो वा पॅरिस, बिल भरताना कार्ड मशीन विचारतं : रुपयांत की स्थानिक चलनात? रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं. गोम तिथेच आहे.

याला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. रुपये निवडले, की विनिमय दर दुकानदाराची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात स्वतःचं मार्जिन घालते. समजा ते ६ टक्के असेल, तर ५० हजारांच्या खरेदीत ३ हजार गेलेच! वर भारतातल्या काही बँका अशा व्यवहारांवरही शुल्क लावतात. स्थानिक चलन निवडलं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. त्यावर बँकेचं मार्कअप असतं, बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के, अधिक त्यावर जीएसटी. तरीही हा सौदा सहसा स्वस्तच पडतो. एटीएमलाही हेच लागू.

अनेकदा कॅशियर परस्पर रुपये निवडतो आणि मागे रांग आहे म्हणून आपण गप्प बसतो. हा संकोच सोडा. निवड ग्राहकाचीच, असा कार्ड नेटवर्कचा नियम आहे. कार्ड देतानाच हसून सांगा, ‘लोकल करन्सी, प्लीज.’ स्लिपवर रुपये दिसले, तर तिथेच व्यवहार रद्द करून घ्या. आपले पैसे कसे कापले जावेत हे सांगण्यात उद्धटपणा कसला?