शाळा नको, मिळकत पाहा

गरीब घरच्या हुशार मुलांसाठी सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेतच, मग खासगी शाळेतल्या मुलांची वेगळी काळजी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी एनएमएमएस शिष्यवृत्तीचे निकष वाचावेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. योजना चांगलीच आहे; पण मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलेच हवे. आता कोल्हापुरातल्या विनाअनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून, दुर्बल घटकाच्या कोट्यात शिकणारे मूल घ्या. तहसील कचेरीतला लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला जोडला तेव्हा त्याला प्रवेश मिळाला. आठवी संपली की कायद्याचे छत्र जाते आणि नववीची पूर्ण फी पुढ्यात येते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तर ते बसूच शकलेले नसते, आणि ती परीक्षा आठवीतच होते. अकरावीला अनुदानित महाविद्यालयात गेले तरी ती संधी परत येत नाही. ज्याची गरिबी सरकारनेच एकदा तपासून मान्य केली, त्यालाच सरकार शाळेच्या पाटीवरून वगळते.

म्हणून अशा मुलांसाठी नववी ते बारावी वेगळी शिष्यवृत्ती हवी, आणि तीत भौतिकशास्त्राकडे वळणाऱ्यांना प्राधान्य हवे. यावर पहिला आक्षेप येतो तो सार्वजनिक पैसा खासगी संस्थांच्या तिजोरीत जाण्याचा. आक्षेप रास्त वाटतो, टिकत मात्र नाही. आरटीईच्या मुलांची फीप्रतिपूर्ती शासन याच शाळांना देते, म्हणजे तत्त्व आठवीपर्यंत मान्यच आहे. शिवाय एनएमएमएसची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. तशीच इथेही व्हावी. खोट्या दाखल्यांची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय पडताळणीचा आहे. त्यासाठी खऱ्या गरजूला दारातून परतवणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: भौतिकशास्त्रालाच प्राधान्य का? कारण हा विषय मध्येच सुटला तर पुन्हा धरता येत नाही. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. त्यावर दहावीचे गुरुत्वाकर्षण उभे राहते, त्यावर अकरावीतले सदिश आणि बारावीतली दोलने. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी ओळखून वाचनातून वजा करायची, हे पुस्तक वाचून येत नाही. उपकरण हातात पुन्हा पुन्हा यावे लागते. आणि वाट लांबची आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट, पीएच.डी. एवढी वर्षे थांबणे ज्या घराला परवडत नाही, ते घर मुलाला लवकर कमाई देणाऱ्या अभ्यासक्रमाला घालते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. विज्ञानासाठीच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये मिळतात ते बारावीनंतर, प्रामुख्याने मंडळाच्या वरच्या एक टक्क्यातल्यांना, उत्पन्न न पाहता. अकरावीपासून मूलभूत विज्ञानाकडे ओढणारी केव्हीपीवाय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. नववी ते बारावीचा टप्पा उघडाच राहिला.

पैशांअभावी शिक्षण सुटण्याचा हा प्रश्न कोल्हापूरने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाताळला आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहे उभी केली, ती गावाकडचा मुलगा राहण्या-जेवणाच्या खर्चापायी शिक्षणाला मुकू नये म्हणून. फी माफ केली की काम झाले, असे त्यांनी मानले नाही. आजच्या शिष्यवृत्तीतही फीबरोबर एस.टी.चा पास आणि प्रयोगवही धरली पाहिजे, आणि आरटीईतून आठवी पार केलेल्या प्रत्येक मुलाला एनएमएमएसच्या परीक्षेला बसू दिले पाहिजे.